सहा नंबरातला पाम

मे महिन्यात होस्टेल रिकामं झालं.
सहा नंबरात राहिली एक बिनकडीची बादली,
जीवशास्त्राच्या नोट्सचा गठ्ठा
आणि कुंडीतला हा पाम.
किनवटच्या अश्लेषा गेडामचा.
फोन केला तर म्हणाली,
"एसटीत मावंना काकू, राहू द्या तुमच्याकडं."
मग जरा थांबून,
"फक्त बोरचं पाणी घालू नका."

आता लातुरात बोरचं नाही तर कुठलं घालू?
नळ दहाव्या दिवशी,
तोही चाळीस पोरींच्या केसांना पुरत नाही.
मी घातलंच.
जे पाणी डाळ शिजू देत नाही
त्यानं पानांची टोकं जाळली,
विझल्या उदबत्तीसारखी.

समोरच्या एटीएमवरचे मन्मथअप्पा म्हणाले,
एसीचं पाणी गोडं असतंय, न्या की.
तेव्हापासून त्यांच्या खुर्चीमागं
माझा तेलाचा रिकामा डबा.
रात्रभर टिप टिप.
लोक पैसे काढतात, मी पाणी.

बाकीचं चुकत चुकत शिकले.
जळकं टोक कापायचं, पण हिरव्याला कात्री लावायची नाही;
दोऱ्याएवढी तपकिरी कड राहू द्यायची.
मातीत बोट घालायचं दुसऱ्या पेरापर्यंत,
ओल लागली तर गप्प बसायचं.
हे गप्प बसणंच जड गेलं.
पोरींनाही मी सारखी टोचायची,
जेवलीस का, किती पडले,
कामून रडायलीस.

जूनमध्ये नव्या आल्या.
कुणी कुंडीत चहाचा गाळ ओतते,
कुणी पानावर पेनानं "एम्स" लिहिते.
मी पानाखाली तळवा धरून
ओल्या फडक्यानं पुसते.
रविवारी, टेस्ट संपली की,
कुंडी पाव वळण फिरवते.
नाही तर सगळाच खिडकीकडं कलतो,
मान मोडेस्तोवर.

अश्लेषाचा निकाल कळला नाही.
मीही विचारला नाही.
मधोमध एक पान वर आलंय, अजून मिटलेलं.

काल सहा नंबरातली कळंबची पोर
भिंतीकडं तोंड करून पडली होती,
दुपारचं ताट तसंच.
मी डबा तिच्यापुढं धरला.
"जा, अप्पांकडनं पाणी आण."
बराच वेळ आली नाही.
गच्चीतून पाहिलं, तर पायरीवर बसलेली,
नळीच्या टोकाशी हात धरून.

अंधार पडल्यावर आली.
डबा अर्धाच होता.
पामाला तेवढंच लागतं.