हयातीचा दाखला

नोव्हेंबर लागला की सर्व्हर झोपतो.
मनिराम नेवारे, निवृत्त खानसामा,
पाटबंधारे विश्रामगृह, तलावाच्या पाळीवरचं,
चौथ्यांदा अंगठा ठेवतात यंत्रावर,
यंत्र चौथ्यांदा म्हणतं, ओळख पटत नाही.
चौतीस वर्षं राखेनं भांडी घासली,
रेषा तिथंच वाहून गेल्या
मोरीतून, मागच्या धानाच्या बांधीत.

"बसा मामा," म्हटलं,
आणि वेळ जावा म्हणून मोबाईलवर काहीबाही लावलं:
जुनं, इंग्रजी, विटक्या रंगाचं,
कुणा लॉर्डाचा महाल आणि त्याचा बटलर.
वाटलं, दोन मिनिटांत उठतील तंबाखू मळायला.
मामांना इंग्रजी येतं ते एवढंच:
बॉइल, हाफफ्राय, सोडा, येस सर.

पण मामा वाकले. चष्मा धोतराला पुसला.
लॉर्ड काहीतरी बरळला,
बटलरनं फक्त डावी भुवई उचलली,
तांदळाच्या दाण्याएवढी,
आणि मामा हसले.
टीव्हीतली न दिसणारी माणसंही हसली,
पण मामांच्या नंतर.

"काय म्हणाला तो?" मीच विचारलं. बी.ए. मी.
"म्हनला काहीच नाही.
साहेब बेअक्कल हाये हे त्याले समजलं.
आन समजलं, हे साहेबाले समजू नाही देल्लं.
नोकरी म्हंजे तेच असते, साहेब."

मग दर मंगळवारी. पायाशी बाजाराची पिशवी,
पिशवीत लाखोरीची डाळ, सुके झिंगे,
आणि मामा परीक्षक.
ट्रे डाव्या हातावर, बराबर.
पाऊल वाजत नाही, बराबर.
दार पायानं लोटलं, "हे मात्र भंगार काम."

मधेच एकदा, पडद्यावरची नजर न काढता:
"एक मोठे इंजिनेर आले होते.
रातच्या दोन वाजता उठवलं मले,
म्हने, तलावातले बेंडूक बंद कर."
"मग?"
"जी साहेब म्हनलं. कंदील घेतला, पारीवर गेलो,
एक बिडी वढली, वापस आलो.
सांगतलं, मोठ्या बेंडकासंग बोलनं झालं,
लहाने आयकून नाही रायले."
"मग?"
"शाबासकी देल्ली ना त्यानं."

चेहरा तसाच. कडक इस्त्रीचा.
इतक्या वर्षांचं हसू या माणसानं
कुठं ठेवलं असेल?
सरकारी कपाटात, मोजलेल्या कपबश्यांमागं?

महिन्याच्या शेवटच्या दिवशी
अंगठ्यानं नाही, डोळ्यांनी पटली ओळख.
कागद निघाला: हयात.
मी जरा खुर्चीत मागं रेललो,
"मामा, मी होतो म्हणून झालं बरं का."
"जी, साहेब," मामा म्हणाले.
डावी भुवई.
तांदळाचा दाणा.

सायकल पाणंदीला लागली तरी
मी शटर न ओढता हिशोब करत बसलो:
सेंटर टाकून सहा वर्षं झाली,
तेव्हापासून मामा मला
किती वेळा साहेब म्हणाले असतील.