चेंडू हलला तर

सातव्या ग्रीनवर दस्तूरबाई
पटर टेकवायला गेल्या आणि
चेंडू हलला.
फार तर दोन बोटं.
वकील निंबाळकर पाठमोरे, चष्मा पुसत होते.
मी पाहिलं. पण मी कॅडी,
माझं पाहणं विचारल्याशिवाय धरत नाहीत.

"हलला," बाईच म्हणाल्या.
"माझा धक्का लागला."

वकील खूश. एक फटका दंड!
मग माझ्याकडे वळून, "काय रे ढेबे?"
म्हटलं, दंड होता, पूर्वी.
आता ग्रीनवर चुकून हलला
तर होता तिथं ठेवायचा
आणि खेळायचं.
"एवढंच?"
एवढंच.
तीस वर्षं साताऱ्याच्या कोर्टात काढलेला माणूस,
इतक्यात सुटणारं काही त्यांना पटत नाही.

बाईंनी जुनी चवली टेकवली,
चेंडू उचलला, पदराला पुसला, जागच्या जागी ठेवला.

तेवढ्यात वारा.
महाबळेश्वरचा वारा, कड्यावरून खाली टाकलेलं
बाटलीचं झाकण वर आणून देणारा.
दोन्ही चेंडू निघाले.
वकिलांचा उताराला, चार हात.
बाईंचा थेट होलच्या ओठावर,
फुंकर घातली असती तर पडता.

नियम सोपा आहे, डोक्यात राहत नाही इतकंच.
नाणं ठेवून उचलला, परत ठेवला,
त्या चेंडूची जागा ठरली.
वाऱ्यानं नेला तरी तो तिथलाच, मागं आणायचा.
ज्याला अजून हात लागला नाही
तो वारा नेईल तिथला.

बाईंनी मागं आणला. हसल्या थोड्या.
वकील चार हात खाली उतरले.
"वारा एकच, ढेबे, आणि न्याय दोन?"
नाणं, साहेब, म्हटलं.

मेटगुताडच्या उतारावर
माझ्या आणि लक्ष्मणच्या स्ट्रॉबेरीतला दगड
एका पावसाळ्यात हलला. हातभर.
नऊ वर्षं वाईच्या तारखा.
वाफ्यांवरचा कागद दोघांचा एकाच दुकानातला,
आईच्या वर्षश्राद्धाला एकाच पंगतीत
पाठीला पाठ.
तो म्हणतो, तू. मी म्हणतो, पाणी.

टिकाव माझा होता.
मुद्दाम नव्हता. चर काढताना दगड उपटला,
अंधार पडत होता, अंदाजानं टेकवला.
सकाळी बघितलं तर माझ्या बाजूला
एक ओळ जास्त बसत होती.
तिथं कुणी नाणं ठेवलं नव्हतं.

संध्याकाळी बॅग उतरवून घरी आलो.
वाटभर तोंडात घोळवत होतो बाईंचेच शब्द,
जरा खरखरीत करून, आमच्याकडचे.
लक्ष्मण ठिबकच्या नळ्यांची तोंडं बंद करत होता.
मी दगडाशी थांबलो.
त्यानं मान वर केली.
"काय?"

नऊ वर्षांत एक शब्द.
वारा फार होता.
"हल..." म्हणालो मी,
आणि त्यानं कानामागं हात धरला.