हद्द कायम

लॅमिंग्टन रोडवरून खोजेमाने आणून दिलेली जुनी डिस्क
लावली की अख्खं मशीन आडवं होतं.
तिसऱ्यांदा झालं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते,
कांजूरच्या बाजूने खाडीचा वास येत होता.

पहिला सेक्टर उघडला.
तळाला सही बरोबर: पंचावन्न, एए.
सही नेहमी बरोबरच असते.
वर चार हिश्श्यांची वाटणी,
त्यात तिसऱ्याची लांबी एवढी अफाट
की सुरुवातीत मिळवली तर आकडा
जुन्या स्कूटरच्या मीटरसारखा फिरून
पुन्हा लहान होतो, साळसूद.
आणि आमच्या कर्नलने त्या साळसुदाला
काही न विचारता आत घेतलं होतं.
ती ओळ दीड वर्षापूर्वीची.
लिहिणारी मी.

आप्पा सिटी सर्व्हेत होते, मुलुंडला.
एकदा मला भांडुपच्या मिठागरांवर नेलं, तिसरीत असेन.
मालक कार्ड फडकवत होता, हा बघा शिक्का, ही सही.
आप्पांनी दगडापासून साखळी टाकली,
टाकत गेले, टाकत गेले,
आणि कागद संपायच्या आधी जमीन संपली.
पुढे चिखल, तिवरं, एक बगळा.
"शिक्का खरा आहे हो," चपला हातात घेऊन ते म्हणाले,
"पण शिक्क्यावर उभं राहता येत नाही."

बेरीज खोडली.
आता आधी विचारते, सुरुवात तरी डिस्कवर आहे का?
असेल, तर पुढे उरलं किती? वजाबाकी.
मागणी उरल्याहून जास्त,
तर तेवढा हिस्सा नामंजूर; बाकीचे नांदोत.
वाचायचं एकदाच, प्रत काढायची, निकाल प्रतीवर.
डिस्कला दुसऱ्यांदा विचारलं
तर ती वेगळंच सांगेल, साक्षीदारासारखी.
आणि पोटहिश्श्यांच्या साखळीत
एखादी कडी स्वतःकडेच बोट दाखवत असेल
तर किती वेळा फिरायचं, ते आधीच ठरवून ठेवायचं.

डिस्क लावली.
पडद्यावर एक ओळ: तिसरा हिस्सा हद्दीबाहेर.
मशीन जागं.
पहिल्या हिश्श्यात कुणा शिंप्याची मापं निघाली,
छाती, कंबर, बाही, सन दोन हजार सात.

आप्पा पाण्यासाठी उठले.
"काय मोजतेस एवढ्या रात्री?"
"हद्द."
"दगड सापडला?"
"सापडला."
"मग झालं," म्हणाले,
आणि फ्रिजचं दार नीट लागलंय ना,
दोनदा ढकलून बघितलं.