थोरली, मधली, धाकटी

उम्म अल कुवैनच्या खाडीत, दुपारचे दोन.
होडीच्या पोटात मी अर्धा आत, अर्धा बाहेर.
धक्क्यावरचा प्लग आधी उपटून खिशात घातला.
बटणावर माझा भरवसा नाही,
बटण कुणीही येता-जाता दाबतं.

चार्जर नवा, तीन तोंडांचा.
जुना काढताना मागच्या वायरींवर
पिवळ्या पडलेल्या कागदी पट्ट्या,
बॉलपेननं, चक्क मराठीत:
थोरली. मधली. धाकटी.
'ध'ची गाठ अशी घट्ट,
की मास्तरांच्या धाकानं गिरवलेली.

कोण रे तू?
आमच्या हर्णैला नाखवा म्हणतात, इथं नोखदा.
त्या खल्फान नोखदाला विचारलं.
"होता एक. चहात साखर फार घ्यायचा."
एवढंच उरलंय तुझं.

थोरली इंजिनाची, मधली दिव्यांची,
धाकटी बिनतारी यंत्राची.
दोघींना फ्यूज होता.
धाकटीची लाल वायर मात्र थेट,
आवरण तपकिरी, वाकवलं की कुरकुरणारं.
हा तुझा आळस,
की तुझ्यामागून आलेल्या कुणाचा?
जाऊ दे.

तिघींना तीन फ्यूज दिले,
ज्याच्या त्याच्या बॅटरीपासून वीतभरावर;
लांब लावला, तर अलीकडच्या वायरीला वाली कोण?
लग दाबला, ओढला, पुन्हा ओढला.
प्लग सगळ्यात शेवटी.

"झालं?" मोफिझुलनं पाना पुसत विचारलं.
म्हटलं, आता बसायचं.

तासाभरानं मीटरवर
चौदा पॉइंट चार. चौदा पॉइंट चार.
धाकटी साडेअकराच्या पुढे सरकेना.
तिच्या कुशीला उलटा हात लावला.
ऊन की ताप?
इथल्या जूनमध्ये सगळंच तापलेलं.
ताडपत्री धरून सावली केली,
दहा मिनिटं थांबलो, तिघींना हात लावून पाहिला.
ताप. फक्त हिलाच.

प्लग काढला, झाकण उघडं ठेवलं,
मोफिझुलच्या कानामागची सिगारेट काढून घेतली.
ती निवेपर्यंत कुणी पाना लावला नाही.

"मग आज यंत्र नाही?" नोखदा.
"आज समुद्र नाही."
तो अरबीत बरंच काही बोलला,
मग खाली बसून जाळं उसवू लागला.

नवी उद्या शारजाहून येईल.
तुझी पट्टी मी फेकली नाही,
वरून पारदर्शक टेप लावली.
खाली आजची तारीख,
आणि फ्यूजचा आकडा, पंधरा.
पुढच्याला लागेल.