वर आल्याची वेळ

केयोनला उतरलो तेव्हा ओहोटी होती,
होड्या चिखलात कुशीवर पडलेल्या.
पाणबुड्यांच्या सहकारी संस्थेचं ऑफिस बर्फाच्या कारखान्यावर:
लाकडी जिना, वर शेगडी, शेगडीला टेकून वाळत असलेले रबरी बूट
आणि एल्सिरा वेन्तेओ, अठरा वर्षं नोंदी भरणारी.
म्हणाली, "तुमचा फॉर्म वेडा झालाय."

फॉर्म माझा नव्हता. कुणीतरी बांधला, पैसे मोजून घेतले,
पुन्हा या बेटावर पाय ठेवला नाही.
पण दुरुस्तीला जो येतो, दोष त्याच्याच पदरात. चालायचंच.

आधी सोपं.
टॅब दाबला की कर्सर नावावरून थेट शेऱ्यावर,
तिथून मागे खोलीवर, आणि पुन्हा नावावर,
कळप चुकलेल्या मेंढरासारखा.
क्रम लावून दिला.
मग साडेबारा मीटर. ती इथल्या रीतीने स्वल्पविराम द्यायची,
नवा कॉम्प्युटर परक्या वळणाचा, त्याने स्वल्पविराम गिळला:
एकशे पंचवीस.
कागदोपत्री अख्खं गाव शिंपल्यांसाठी
जिथे उजेडही उतरत नाही तिथे जाऊन
संध्याकाळी घरी जेवायला बसलं होतं.
एल्सिरा खूप हसली. मी सेटिंग बदललं.

"आणि हे."
महिन्याचा तक्ता, पाण्याखालचे तास.
कुणाचे साठ, कुणाचे बहात्तर,
आणि एक ओळ: आबेलार्दो नाउएलकिन,
एकावन्न हजार दोनशे सात.
"दर महिन्याला वाढतात. विम्याचा माणूस फोनवर ओरडतो."
तिने चहा ठेवला. चहा होईपर्यंत
दोनशे आठ.

मी डिझाइन उघडलं.
हिशेब सरळ: वर आल्याची वेळ वजा खाली गेल्याची वेळ.
वर आल्याची वेळ नसेल, तर आत्ताची वेळ धरा.
लिहिणाऱ्याला वाटलं असणार,
रकाना रिकामा म्हणजे माणूस अजून खाली आहे,
येईलच.

खरं तर तो रकाना रिकामा ठेवताच येत नव्हता.
तांबडी चौकट, *ही माहिती आवश्यक आहे*,
पुढे जाऊ देत नाही, मागे नाही, खिडकीही मिटत नाही.
"बंदराचे साहेब म्हणाले, काहीतरी वेळ टाका बाई, नोंद संपवा."
ती चहात साखर ढवळत राहिली, विरघळून गेल्यावरही.
"मग मी शोधलं. तीन रात्री. शिकवणारं कुणी नाही.
दिसेल ते उलटसुलट करून पाहिलं.
शेवटी एका ठिकाणी 'होय'चं 'नाही' केलं,
आणि ती नोंद जतन झाली."

तो तिचा कोण, मी विचारलं नाही.
हवेची नळी सापडली होती, एवढं ती आपणहून बोलली.
नळीसाठी फॉर्ममध्ये रकाना नाही.

दुरुस्ती अर्ध्या मिनिटाची होती.
कुठलीही एक वेळ टाकायची, तास तिथेच थांबले असते.
कर्सर रकान्यात लुकलुकत होता.
माझी बोटं कीबोर्डवर होती, आणि मी घड्याळाकडे पाहिलं,
का पाहिलं कोण जाणे,
चार वाजून दहा.
मग बोटं उचलली.

विम्याच्या तक्त्यातून ती एक नोंद वगळली.
मूळ फॉर्म होता तसाच ठेवला,
आत, जिथे फक्त माझ्यासारखेच कधीतरी डोकावतील,
एक ओळ लिहून ठेवली:
*ही चूक नाही. दुरुस्त करू नये.*

बोट सातची. एल्सिराने माझी पावती करायला घेतली.
पहिलं काम, टॅबचा क्रम.
दुसरं, स्वल्पविराम.
"तिसऱ्याचं काय लिहू?"
"रिकामं ठेवा."
पावतीच्या फॉर्मलाही तीच तांबडी चौकट.
ती मी काढली नव्हती.
एल्सिराने एक आडवी रेघ मारली
आणि पुढच्या रकान्यात गेली.