सामान्य ज्ञान

चिठ्ठी निघाली, सेशेल्स.
पडेलच्या शाळेला ब्राझील मिळाला, त्यांची पोरं नाचली.
आमची सानिका तारी चिठ्ठी उलटीपालटी करत म्हणाली,
"बाई, हा देश आहे की साबण?"

नकाशात तो सापडेना.
सापडला, तर बोटाखाली झाकला गेला.
एकशे पंधरा बेटं, तिरफळाच्या बियांसारखी सांडलेली,
माणसं एक लाखाच्या वर थोडी,
म्हणजे आपला देवगड तालुका,
दोन-चार वाड्या इकडेतिकडे.

वहीत उतरवून घेतलं:
स्वतंत्र झाला एकोणीसशे शहात्तर साली.
चलन रुपया. (छपाईची चूक नाही, मी दोनदा पाहिलं.)
एका अजस्र कासवाला बाईचं नाव दिलंय
आणि ते कासव नर आहे.
यावर कुबलांचा प्रज्योत इतका हसला
की त्याला पाणी पाजावं लागलं.
मुख्य बेटांकडे वादळं सहसा फिरकत नाहीत.
हे वाक्य वर्गाने मुकाट्याने लिहिलं.
तौक्तेत उडालेले पत्रे
अजून शाळेमागे पडलेत, दुमडलेले.

मग आलं जगातलं सगळ्यात जड बी.
जोडनारळ, वीस-पंचवीस किलोचा,
पिकायला सहा-सात वर्षं,
जगात फक्त दोन बेटांवर आपसूक उगवणारा.
ताजा पाण्यात बुडतो.
आतून कुजून पोकळ झाला की तरंगतो,
आणि मग कुठेही जातो.

मागच्या बाकावरची मुनीरा सोलकर,
जी संघात नव्हती,
जिचा आवाज मी जूनपासून ऐकला नव्हता,
म्हणाली, "आमच्या घरी आहे तो."

दुसऱ्या दिवशी तिचे आजोबा आले,
याकूबचाचा, ऐंशीच्या घरातले,
सिमेंटच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन.
अर्धी काळी करवंटी. कड हातांनी घासून गुळगुळीत.
त्यांच्या पणजोबांना गिर्येच्या पुळणीवर मिळालेली.
घरातलं प्रत्येक तान्हं
सहाणेवरचा तिचा एक वळसा चाटून मोठं झालेलं.
"दर्याचा नारळ," ते म्हणाले. "झाड तळाक असता."

मी सांगून टाकलं.
बाईंना कळतं तेवढं बाईंनी सांगितलं:
झाड डोंगरावर असतं, चाचा, उन्हात,
त्याचा फोटोसुद्धा आहे, हा बघा.

त्यांनी फोटो लांब धरला, जवळ धरला.
"तळाक झाड नाय?"
मग बराच वेळ खिडकीतून खाडीच्या तोंडाकडे बघत राहिले.
"पाच पिढ्यो आमी थंय जाळां टाकूक नाय.
फांदयेक अडकात म्हणान."

पंखा फिरत होता. कुणी हसलं नाही,
प्रज्योतसुद्धा.

विषय बदलायचा म्हणून मी शेवटची नोंद वाचली.
साडेसहा कोटी वर्षांपूर्वी,
आपल्या अंगणातला जांभा ज्या काळ्या दगडाचा झिजून झाला
तो दगड रटरटत वर येत होता,
तेव्हा ही बेटं आपल्या किनाऱ्याला चिकटलेली होती.
नंतर जमीन फाटली. ती तिकडे राहिली,
आपण वर सरकत आलो.

"म्हणजे वाटण्या झाल्या," सानिका म्हणाली,
जिच्या घरात सामाईक आंब्यावरून
तीन चुलते एकमेकांशी बोलत नाहीत.
"सातबारावर नाव राहिलं असेल का हो त्यांचं?"

चाचा तेवढ्यापुरते हसले.
करवंटी पिशवीत घालून, पिशवीला सुतळी बांधून गेले.

ओरोसला आम्हाला विचारलं, राजधानी कोणती.
विचारलं, राष्ट्रध्वजात रंग किती.
नारळाचं कुणी विचारलं नाही.
दोन गुणांनी हरलो, येताना कणकवलीला भजी खाल्ली,
सानिकाने बक्षिसाचं पेन मुनीराला दिलं.

काल मुनीरा वही तपासायला घेऊन आली तेव्हा
सहज विचारलं, आजोबा कसे आहेत.
बरे आहेत, म्हणाली. होडीवर जातात अजून.
त्या जागेपाशी आले की
इंजिन मंद करतात, वळसा घालतात.
झाड नाही, हे त्यांना पाठ आहे.