मुळाशी गाठ

आदल्या संध्याकाळी बिनदुधाच्या चहात बोट बुडवून
इनासनं लॉकरच्या पत्र्यावर मला दिवाडी काढून दाखवली.
ही मांडवी, ही आत शिरलेली पोय, हा बांध,
आणि हांगा हांव, म्हणाला, मानशीवर. एकेचाळीस वर्षं.
मी खरं तर त्याच्या पोटाचा नकाशा काढायला आले होते.
तो संमतीच्या कागदामागं अर्धाच राहिला.

"बांद फुटना, दोतोर बाय. कुर्ल्यो बुराक करतात."
बीळ केवढं, हे भरतीला कळत नाही.
शेतातलं भात पिवळं पडू लागलं की कळतं.

बांबोळी, सकाळचे आठ, टेबल दोन.
डाव्या कोलनच्या कडेला कात्री लावते
आणि कापसाच्या तंतूंची एक ओली फट उघडते.
गर्भात दोन पदर इथं चिकटले,
साठ वर्षं झाली तरी ते चिकटणं कच्चंच.
इथं रक्त येत नाही. आलं, तर मी वाट सोडली.

खाली मूत्रवाहिनी. चिमट्यानं जरा डिवचली की
गांडुळासारखी आक्रसते. असू दे बाई, तू अशीच असू दे.

कुंकळ्येकार सर मृतदेहाच्या धमन्यांत
शेंदूर कालवलेलं मेण भरायचे.
लसवाहिन्यांत काही भरलं जायचं नाही.
त्या फळ्यावर हिरव्या खडूनं काढायचे
आणि तास संपला की आधी त्याच पुसायचे.

महाधमनीच्या पुढच्या अंगातून,
ड्युओडेनमच्या काठाआडून निघते ती,
पेन्सिलीच्या शिशाहून जाड, पेन्सिलीहून बारीक.
बोटाखाली ठोका.
तिच्या दोन्ही अंगांना मज्जातंतूंची जाळी;
ती तुटली तर माणूस मरत नाही,
फक्त पिदादजवळ निजताना भिंतीकडे तोंड करतो.
म्हणून मुळाशी एक सेंटिमीटर सोडते.
शीर सोबत नाही येत. ती डावीकडून एकटीच वर जाते,
स्वादुपिंडाआड, प्लीहेच्या शिरेला भेटायला.

आणि लस?
रंग नाही, ठोका नाही.
धमनीच्या अंगाला अंग घासत उलट्या दिशेनं चालते, मुळाकडे,
आत झडपा, मानशीच्या दारासारख्या एकाच बाजूला उघडणाऱ्या.
दार दिशा बघतं. कोण चाललंय ते बघत नाही.
जी दिसत नाही तिच्यासाठी मी जी दिसते तिला बांधते.

दोन गाठी वर, एक खाली, मध्ये कात्री.

आता वरच्या आतड्याला रक्त एकाच वाटेनं,
काठाकाठानं येणाऱ्या बारक्या धमनीतून,
जी प्लीहेजवळच्या वळणावर काही माणसांत तुटकच असते.
इनास कोणत्या माणसांतला, हे त्यालाही ठाऊक नाही.
टोक छाटते. थांबते.
जिझेला सिस्टर गॉज धरून उभी, एसीचा आवाज,
पाच सेकंद,
उडालं. माझ्या चष्म्यावर.
भूलतज्ज्ञ फुर्तादो पहिल्यांदा हसले.

अकराव्या दिवशी रिपोर्ट.
सुलक्षानं ती चरबी बोटांनी चाचपली होती,
चिखलात तिसऱ्या चाचपाव्यात तशी.
एकवीस गाठी. वीस कोऱ्या.
एकविसावी, माझ्या धाग्याशेजारची, कोरी नाही.
धाग्याच्या वर काय आहे
ते त्या कागदावर नाही. कुठल्याच कागदावर नाही.

मी केमोचं सांगितलं, तारखा सांगितल्या.
त्यानं एवढंच विचारलं, "फळी केन्ना उखलूं?"
सहा आठवडे नको, म्हटलं.

रविवारी फेरीनं दिवाडीला गेले. कारण विचारू नका.
ओहोटी होती. मानशीवर त्याची सून फिलू
पाय रोवून फळी ओढत होती, शिव्या देत.
इनास बांधावर, मांडीवर उशी, पोटाला पट्टा.
काठीनं उघड्या चिखलाकडे दाखवत होता:
थंय. आनी थंय. थंय बी.

मी चष्मा पुसून वाकले.
मला एकच दिसलं.